परेड हवी, पण सक्तीची नको

सीमेवर तणाव वाढला की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘कॉलेजात एनसीसी सक्तीची करा, पोरं आपोआप सुधारतील.’ मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, त्यात एनसीसीची मुलंमुलीही उतरली. अशा वेळी तर या मागणीला भलताच जोर चढतो. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या काकांना बहुधा ठाऊक नसतं, की हा प्रयोग आपल्याकडे एकदा करून झालाय.

१९६२च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली गेली. का, ते समजायला मोठा अभ्यास नको. तुमच्या कॉलेजातली झाडून सगळी मुलं एकाच सकाळी मैदानावर उभी आहेत, अशी कल्पना करा. इन्स्ट्रक्टर किती पुरणार? रायफली किती? आणि ज्याला यायचंच नाही, तो पहिल्या आठवड्यात सावधान-विश्राम शिकायच्या आधी दांडी मारायला शिकणार. १९६५चं युद्ध झालं तेव्हा सक्ती होती, १९७१ला नव्हती. दोन्ही वेळा कॅडेट दारूगोळा कारखान्यांच्या मदतीला गेले, नागरी संरक्षणाच्या कामाला लागले. सक्ती नाही म्हणून ७१ला काही अडलं, असं दिसत नाही.

आता दुसरी बाजू. कट्ट्यावर असंही म्हणणारे मित्र आहेत, की कॉलेज ही विचार करायची जागा, तिथे युनिफॉर्म हवाच कशाला? त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगावीशी वाटते.

तिकडे १९१६पासून आरओटीसी आहे. डिग्री करता करता लष्करी शिक्षण घ्यायचं, अनेकांना स्कॉलरशिप मिळते आणि पदवी हातात पडली की थेट लेफ्टनंट. बदल्यात ठरावीक वर्षं नोकरी करायची. (आपल्याकडे तसं बंधन नाही. केवळ एनसीसीत आहे म्हणून कुणाला लढाईवर पाठवता येणार नाही, हे १९४८च्या एनसीसी कायद्यातच आहे.) व्हिएतनाम युद्ध पेटलं आणि हीच आरओटीसी कॅम्पसवरच्या रागाचं निशाण बनली. तो राग उगाच नव्हता. सक्तीची भरती चालू होती. साधा शिपाई म्हणून उचललं जाण्यापेक्षा अधिकारी झालेलं बरं, म्हणून कितीतरी मुलं आरओटीसीत शिरत होती. अशा निवडीला ‘स्वेच्छा’ म्हणायचं तरी कसं?

एप्रिल १९६९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी युनिव्हर्सिटी हॉल ताब्यात घेतला. आरओटीसी हटवा, ही त्यांची मुख्य मागणी होती. मे १९७० मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात आरओटीसीची इमारत जाळली गेली. दोन दिवसांनी, ४ मे रोजी, नॅशनल गार्डच्या जवानांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. १३ सेकंदांत चार मेले, नऊ जखमी झाले. त्या चौघांपैकी एक जण स्वतः आरओटीसीचा विद्यार्थी होता, अवघ्या १९ वर्षांचा. युनिफॉर्मवाले एकीकडे आणि प्रश्न विचारणारे दुसरीकडे, अशी सरळ विभागणी आपण सोशल मीडियावर रोज करतो. तिथे ती गोळीलाही करता आली नाही.

हार्वर्डमधून आरओटीसी गेली, ती परतली २०११ मध्ये. मधल्या काळात तिथल्या इच्छुक मुलांना ट्रेनिंगसाठी शेजारच्या एमआयटीत जावं लागे. पण म्हणून लष्कराला अधिकारी मिळायचे थांबले का? ते दुसऱ्या कॉलेजांतून आले. तुटला तो वर्गातला संबंध. ज्याला उद्या हुकूम द्यायचाय, त्याच्या शेजारच्या बाकावर ‘हे युद्ध चूक आहे’ म्हणणारी मैत्रीण बसलेली असावी, हे मला फार मोलाचं वाटतं. कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून आरओटीसीतर्फे १९५८ मध्ये अधिकारी झाले आणि पुढे सैन्यदलांच्या सर्वोच्च पदावर पोहोचले. भूगर्भशास्त्र शिकणारा, स्थलांतरितांच्या घरातला मुलगा. असा मुलगा लष्करात जातो, तेव्हा सोबत त्याचं शहरही थोडं जातं.

म्हणून आपल्याकडे भांडायचंच असेल, तर वेगळ्या गोष्टीसाठी भांडूया. सक्ती करण्यापेक्षा, निवडीच्या दिवशी रांगेत उभं राहून परत जाणाऱ्यांसाठी जागा वाढवा म्हणावं. दहा दिवसांचा कॅम्प करून आलेल्या मुलीचं प्रॅक्टिकल बुडलं, तर ते परत घ्या म्हणावं. ‘अटेंडन्सचं बघू’ या तोंडी आश्वासनावर किती वर्षं काढायची? एनसीसीला क्रेडिट कोर्स म्हणून मान्यता आहे. तुमच्या कॉलेजात तो चालतो का, हे ऑफिसात जाऊन विचारा.

आणि परेड संपल्यावर, नाश्त्याच्या रांगेत का होईना, युद्धावर बोलू द्या. मनाविरुद्धचं मत आलं की ‘देशद्रोही’ म्हणून गप्प करू नका. ‘सी’ सर्टिफिकेटवाल्याला एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून सीडीएसची लेखी परीक्षा टाळता येते, पण एसएसबी सुटत नाही. तिथे ग्रुप डिस्कशन असतं, आणि नुसतं ‘येस सर’ म्हणायला शिकलेला कॅडेट नेमका तिथेच अडकतो.