शहरासाठी पहिलं मत थेट २७व्या वर्षी! वर्ध्याचा तरुण मतदार नेमका अडतो कुठे?

तरुणांना राजकारणात रस नाही, हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. पण नोंदणीचे नियम, रखडलेल्या निवडणुका, गावातलं मत आणि पुण्यातली नोकरी यांचा हिशेब मांडला, तर चित्र वेगळं दिसतं.

फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्धा शहरात जन्मलेल्या एका तरुणाची कल्पना करा. २०१६ च्या अखेरीस नगर परिषदेची निवडणूक झाली, तेव्हा त्याला अठरा वर्षं पूर्ण झालेली होती. पण मतदार यादीसाठी त्या वर्षीची अर्हता तारीख होती १ जानेवारी २०१६. त्या दिवशी तो १७ वर्षांचा होता, म्हणून यादीत नाव नाही. पुढच्या वेळी करू, असं म्हणून तो थांबला.

ती पुढची वेळ आली डिसेंबर २०२५ मध्ये. तोपर्यंत हा मुलगा २७ वर्षांचा झाला होता. शिक्षण संपलं, नोकरी लागली, कदाचित लग्नही झालं. मात्र घरासमोरची नाली, नळाचं पाणी आणि रस्त्यावरचा दिवा ज्यांच्या हाती, त्या कारभाऱ्यांसाठी त्याने तोवर एकदाही मत दिलेलं नव्हतं.

हे उदाहरण काल्पनिक असलं, तरी त्यातल्या तारखा खऱ्या आहेत. तरुण मतदारांच्या ‘उदासीनते’बद्दल बोलताना त्या सहसा विसरल्या जातात.

निवडणुका इतक्या का लांबल्या?

२०१६ मध्ये निवडून आलेल्या नगर परिषदांची मुदत पाच वर्षांनी संपली. वर्धा जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ मध्ये झाली होती, तिची मुदत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर दोन्हीकडे प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचना बदलत राहिली आणि राज्यभरातल्या निवडणुका अडकून पडल्या.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला. प्रत्यक्षात नगर परिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झालं, काही ठिकाणी ते २० डिसेंबरवर गेलं. जिल्हा परिषदेवर मात्र २०२५ सरेपर्यंत प्रशासकच होते. म्हणजे समुद्रपूर, कारंजा किंवा आष्टी तालुक्यात २०१७ च्या जानेवारीनंतर अठरा वर्षांचा झालेला एकही तरुण तोपर्यंत जिल्हा परिषद सदस्यासाठी मतदान करू शकला नव्हता.

मतदान ही सवय असेल, तर ती लागण्याच्या वयातच पुस्तक बंद ठेवलं गेलं.

अठरा पूर्ण झाले की लगेच मत देता येतं का?

नेहमीच नाही. १९८९ पर्यंत मतदानाचं वय २१ होतं. ६१व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आलं. पण यादीत नाव येण्यासाठी अनेक वर्षं १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळपास वर्षभर थांबावं लागायचं.

ऑगस्ट २०२२ पासून वर्षात चार अर्हता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. वयाची १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. बदल चांगला आहे, पण स्थानिक निवडणुकांत त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी तयार करत नाही, विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला घेऊन तीच प्रभागनिहाय वापरतो. डिसेंबर २०२५ च्या नगर परिषद निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्यांना मतदानाच्या दिवशी ओळखपत्र दाखवूनही काही उपयोग नव्हता. त्यांची पुढची संधी पाच वर्षांनी, तीही निवडणूक वेळेवर झाली तर.

मग तरुण मतदान करत नाहीत, हे खरं की खोटं?

याचं अधिकृत उत्तर कुणाकडेच नाही. निवडणूक आयोग किती पुरुषांनी, किती महिलांनी आणि किती तृतीयपंथी मतदारांनी मतदान केलं हे जाहीर करतो. कोणत्या वयोगटाने किती मतदान केलं, हे जाहीर करत नाही. २०२४ च्या लोकसभेला वर्धा मतदारसंघात सुमारे ६५ टक्के मतदान झालं. उरलेल्या ३५ टक्क्यांत विशीतले किती आणि साठीतले किती, हे सांगणारा सरकारी आकडा नाही. तरीही दोष मात्र दर वेळी विशीतल्यांच्या माथी येतो.

नोंदणीचा आकडा मात्र उपलब्ध आहे आणि तो बोलका आहे. २०२४ च्या लोकसभेपूर्वी देशात १८-१९ वयोगटातल्या सुमारे १.८ कोटी तरुणांची नावं यादीत होती. लोकसंख्येच्या अंदाजाशी ताडून पाहिलं, तर हे प्रमाण ४० टक्क्यांहूनही कमी भरतं. म्हणजे मतदान केंद्रावर न जाण्याच्या आधीचा टप्पाच निम्म्याहून अधिक जणांनी गाठलेला नव्हता. गळती बूथवर होण्याआधी अर्जाच्या पातळीवरच होते आहे.

गावात नाव, पुण्यात नोकरी

कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या जिल्ह्यातून शिकलेली मुलं नागपूर, पुणे, हैदराबादकडे जातात. मतदार यादीत नाव मात्र हिंगणघाट, आर्वी किंवा देवळीतच राहतं.

२०२४ चं वेळापत्रक पाहा. लोकसभेसाठी वर्ध्यात २६ एप्रिलला मतदान झालं, पुण्यात १३ मेला. पुण्यातल्या कंपनीने सुटी दिली ती १३ मेची. वर्ध्याच्या मुलाला ती हवी होती २६ एप्रिलला. तो निदान शुक्रवार होता, शनिवार-रविवार जोडून घेता येत होते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी होतं. सहाशेहून अधिक किलोमीटर जायचं, मत द्यायचं, परत यायचं. आठवड्याच्या मधोमध दोन-तीन दिवसांची रजा आणि दिवाळी नुकतीच झालेली, म्हणजे घरी जाऊन आल्याला तीन आठवडेही झालेले नाहीत.

कायदा या मुलाच्या बाजूने आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळते. ज्याचं मत दुसऱ्या मतदारसंघात आहे, त्यालाही ती लागू आहे, असं आयोगाने स्पष्ट केलं आहे. पण ही सुटी न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये. शिवाय सुटी एका दिवसाची, प्रवास दोन रात्रींचा.

यावर उपाय म्हणून आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. एका यंत्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान करता येईल, अशी ती कल्पना होती. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर ते मांडलं गेलं, विरोधकांनी शंका घेतल्या आणि विषय मागे पडला. सैनिकांना टपाली मतदान आहे, ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदानाची सोय आहे. परगावी शिकणाऱ्या किंवा खासगी नोकरी करणाऱ्या तरुणाला यातलं काहीच नाही.

होस्टेलच्या पत्त्यावर नाव घालता येतं का?

येतं, आणि ही गोष्ट अनेक विद्यार्थ्यांना माहीत नसते. सेवाग्राम किंवा सावंगी मेघे इथल्या वसतिगृहात राहणारा बाहेरगावचा विद्यार्थी वर्ध्यात मतदार होऊ शकतो. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, सोबत संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. घरचा पत्ता ठेवायचा की वसतिगृहाचा, हे विद्यार्थ्याने ठरवायचं. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

कॉलेजात निवडणूकच नाही, तर सराव कुठे?

मतदानाची खरी शाळा कॉलेजात असते. महाराष्ट्रात ती तीस वर्षांहून अधिक काळ बंद आहे. विद्यार्थी निवडणुकांतल्या हिंसाचारानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबवल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आली. २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीरही झालं, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि नंतर झाल्याच नाहीत. नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतली वर्ध्याची महाविद्यालयंही त्यातच येतात.

त्याच २०१९ मध्ये वर्ध्यात आणखी एक प्रकरण घडलं. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात काही विद्यार्थी पंतप्रधानांना पत्र लिहिण्यासाठी आणि धरणं देण्यासाठी जमले. ९ ऑक्टोबरला विद्यापीठाने सहा विद्यार्थ्यांना निष्कासित केलं. कारण दिलं गेलं विधानसभेच्या आचारसंहितेचं. टीका झाल्यावर चार दिवसांत तांत्रिक विसंगतींचा हवाला देत तो आदेश मागे घेतला गेला.

विद्यार्थ्यांची मागणी पटो वा न पटो, आचारसंहिता ही पक्ष, उमेदवार आणि सरकारी यंत्रणेसाठी असते. पत्र लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर ती उगारली गेली, तर बाकीच्यांनी काय शिकायचं? मतदान जागृतीच्या फेरीत घोषणा द्या, पण मत असेल तर बोलू नका, हाच धडा त्यातून मिळतो.

तरुणांना हवंय तरी काय?

रस नसता, तर २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले नसते आणि हजार रुपये परीक्षा शुल्क, पेपरफुटीचे आरोप यांवर रान पेटलं नसतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतनावर काम केलेले तरुण मुदत संपल्यावर ‘पुढे काय’ विचारत रस्त्यावर आले नसते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दर मिळाला, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं राजकारणच आहे. फक्त ते पक्षाच्या झेंड्याखाली होत नाही.

वर्ध्याचा मतदार कुणाच्या खिशात नाही, याचे दाखले जुने आहेत. १९९१ मध्ये इथे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांनी काँग्रेसच्या वसंत साठेंना हरवलं होतं. २०२४ च्या लोकसभेला राष्ट्रवादी शरद पवार गटाचे अमर काळे ८१ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. सात महिने उलटायच्या आत जिल्ह्यातल्या वर्धा, देवळी, आर्वी आणि हिंगणघाट या चारही विधानसभा भाजपने जिंकल्या. त्यात तरुणांचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. पण इथे एकेका मताला वजन आहे, एवढं नक्की.

उमेदवार पसंत नसेल तर?

लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी त्याखालचा उमेदवार विजयी ठरतो. स्थानिक निवडणुकीत तसं नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटा पहिल्या क्रमांकावर आला, तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. उमेदवारीचं वयही स्थानिक संस्थांत २१ आहे, विधानसभेसारखं २५ नाही. म्हणजे नाराजी मोजली जाण्याची आणि स्वतः उभं राहण्याची सर्वाधिक संधी जिथे आहे, नेमक्या त्याच निवडणुका वर्षानुवर्षं झाल्या नाहीत.

आता काय करता येईल?

तरुणांसाठी:

• नाव नवीन घालायचं असेल तर नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. दोन्ही मोबाइलवरून भरता येतात. मदतीसाठी १९५० हा क्रमांक आहे.

• १७ पूर्ण झालेल्यांनी बारावीच्या अर्जांसोबतच हा अर्जही उरकून टाकावा.

• पदवीधरांनी नमुना १८ लक्षात ठेवावा. वर्धा जिल्हा नागपूर पदवीधर मतदारसंघात येतो. २०२० मध्ये इथून काँग्रेसचे अभिजीत वंजारी निवडून आले, त्यांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. ही यादी दर वेळी नव्याने तयार होते, मागच्या वेळचं नाव चालत नाही. अर्हता तारखेच्या म्हणजे १ नोव्हेंबरच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी.

यंत्रणेसाठी तीन गोष्टी तातडीच्या आहेत. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच मतदार नोंदणी करून घ्यावी. निवडणूक आयोगाने वयोगटानुसार मतदानाचे आकडे जाहीर करावेत, म्हणजे दोष कुणाचा हे अंदाजावर ठरणार नाही. आणि राज्य सरकारने कायद्यात लिहिलेल्या विद्यार्थी निवडणुका प्रत्यक्षात घ्याव्यात.

२५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनी वर्ध्यातही शपथ घेतली जाते, फेऱ्या निघतात, सेल्फी पॉइंट लागतात. त्यात गैर काही नाही. पण शपथ घेणाऱ्या मुलीला आपल्या गावच्या जिल्हा परिषद सदस्यासाठी मत द्यायला २७व्या वर्षापर्यंत थांबावं लागत असेल, तर आधी शपथ घ्यायला हवी ती निवडणुका वेळेवर घेण्याची जबाबदारी असलेल्यांनी.