काट्याची पावती घेता, मग जॉबकार्ड का नाही?



या पानावर आम्ही दरवेळी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. हार घालून, नारळ फोडून, लिंबू-मिरची बांधून घरी आणलेली नवी गाडी महिन्या-पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानदाराच्याच दारात जाऊन उभी राहते, तेव्हा काय करावे, हा तो विषय. ट्रॅक्टर असो की चारचाकी, दुखणे एकच आहे. हंगामाच्या तोंडावर बरेच सभासद वाहन खरेदी करतात, म्हणून हे आताच लिहिलेले बरे.

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली फजिती कबूल करावी. काही वर्षांपूर्वी दसऱ्याला आम्ही एक नवी चारचाकी घेतली. गटागटांत मोटारसायकलवर फिरून कंबर धरली होती. थोडे फंडातले पैसे, बाकी बँकेचे कर्ज. पहिल्याच महिन्यात गिअर अडकू लागला. गाडी घेऊन गेलो, तर मेकॅनिक हसून म्हणाला, "भाऊ, नवी गाडी हाय, सेट होऊन राह्यली. थोडी चालू द्या, मंग पाहा." चहा पाजला, काचा पुसून दिल्या. आम्ही खूश होऊन घरी आलो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा चहा, पुन्हा "मंग पाहा".

असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी म्हातारीला दवाखान्यात दाखवायला अकोल्याला निघालो होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे गिअर जो अडकला तो सुटेचना. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता विक्रमी, आणि आमची नवी गाडी त्याच्या कडेला उभी! म्हातारी उन्हात दोन तास बसली. दवाखान्याचा नंबर हुकला. ती एवढंच म्हणाली, "बापू, जुनी फटफटी बरी होती रे." ते शब्द अजून कानात आहेत.

मग आम्ही रागाने एका वकील स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, "कागद काय आहेत?" आमच्यापाशी होती खरेदीची पावती आणि दोन बिले. दोन्ही बिलांवर लिहिले होते, 'सर्वसाधारण तपासणी'. गिअरचा शब्द कुठेच नाही. आम्ही पाच वेळा तोंडाने सांगितले, ते सारे वाऱ्यावर गेले. कंपनीच्या दप्तरी आमची गाडी ठणठणीत होती. तोवर वॉरंटीची मुदतही संपली होती. गिअरबॉक्सचे काम पदरच्या पैशाने करावे लागले.

आता बघा, आपण ऊसवाले लोक. गाडी काट्यावर चढली की वजनाची पावती हातात पडल्याशिवाय कोणी सभासद जागचा हलत नाही. दहा किलोचा फरक दिसला तरी शेतकी कचेरीत येऊन टेबलावर हात आपटतो, आणि आपटलाच पाहिजे. मग तोच सभासद आठ-दहा लाखांचे वाहन दुरुस्तीला सोडताना कागदाचा एक चिटोरा मागत नाही, हे कसे? "जाऊ द्या, वळखीचा माणूस हाय" म्हणून निघून येतो. आमचे मत स्पष्ट आहे. आपण फसतो ते निम्मे यंत्राच्या दोषाने आणि निम्मे या "जाऊ द्या"ने.

म्हणून पहिली गोष्ट जॉबकार्डाची. वाहन वर्कशॉपमध्ये गेले की दर खेपेस जॉबकार्ड लिहून घ्यावे. त्यावर तारीख, किलोमीटर (ट्रॅक्टर असेल तर मीटरवरचे तास) आणि आपली तक्रार आपल्याच शब्दांत असावी. 'जनरल चेकअप' लिहू देऊ नये. 'तिसरा गिअर पडत नाही' असे स्पष्ट लिहायला लावावे. वाहन परत मिळाले ती तारीख आणि कोणता भाग बदलला तेही नोंदवून घ्यावे. जॉबकार्ड देत नसतील तर त्याच दिवशी मोबाईलवर मेसेज पाठवावा, नाहीतर स्पीड पोस्टाने चार ओळींचे पत्र टाकावे. तोच दोष तिसऱ्यांदा आला, तर विक्रेत्याबरोबर कंपनीलाही थेट लिहावे.

कंपनीला का लिहावे, याला एक दाखला आहे. गोव्यात २०११ साली एका गिऱ्हाइकाला नवी म्हणून जी गाडी विकली गेली, ती २००९ सालची निघाली. आधी काही किलोमीटर धावलेली आणि खालून गंजलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ साली निकाल लागला की विक्रेता जबाबदार आहे, पण हा प्रकार कंपनीला ठाऊक होता हे सिद्ध झाले नाही, म्हणून कंपनीवर बोजा नाही. यातून धडा दोन प्रकारचा. एक, ताबा घेतानाच इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना-साल कागदांशी ताडून बघावे. हार नंतर घालावा. दोन, कंपनीला आपले गाऱ्हाणे माहीत होते, याचा पुरावा आपल्यापाशी हवा.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्याजागी २०१९ चा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. पूर्वीचा 'ग्राहक मंच' आता 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' झाला आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. नव्या कायद्यात एक मोठी सोय झाली आहे. वाहन नागपूरला घ्या की पुण्याला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते. अचलपूरच्या माणसाने अमरावतीत द्यावी, अकोटच्या माणसाने अकोल्यात द्यावी. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दिली पाहिजे. "मंग पाहा" म्हणत बसलो तर ही दोन वर्षे कशी सरतात ते कळतही नाही. आयोगात जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

"आमी तर शेतकरी, आमी कायचे ग्राहक?" असे काही जण विचारतात. बियाणे कंपन्यांनी हाच मुद्दा न्यायालयात काढला होता. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि शेतकरी हा ग्राहक आहे असे सांगितले. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, पण स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. एक ट्रॅक्टर घेऊन स्वतःचे शेत वाहणारा आणि हंगामात स्वतः ऊस ओढणारा सभासद ग्राहक म्हणून उभा राहू शकतो. चार ट्रॅक्टर आणि चार ड्रायव्हर ठेवून वाहतुकीचा ठेका चालवणाऱ्याला ते अवघड जाईल.

खोटी आशाही दाखवायची नाही. गाडी दोन-तीनदा बिघडली की लगेच नवी गाडी मिळते, असे होत नाही. २००६ साली क्लचच्या दोषाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वॉरंटीत दोषी भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. दोष मूळ बनावटीतलाच आहे आणि दुरुस्त होत नाही, हे आपल्याला दाखवावे लागते. आयोग वाहन तज्ज्ञाकडे किंवा प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. पण पुराव्याची सुरुवात त्या जॉबकार्डांच्या चळतीपासूनच होते.

अमेरिकेत अशा सदा बिघडणाऱ्या नव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. आपण गाडीला लिंबू बांधतो, ते गाडीलाच लिंबू म्हणतात! तेथील कनेक्टिकट राज्याने १९८२ साली यासाठी खास कायदा केला. ठरावीक मुदतीत चार वेळा दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये अडकली, तर गिऱ्हाइकाचा बदलीचा वा परताव्याचा हक्क धरला जातो. आपल्याकडे असा मोजमापाचा वेगळा कायदा नाही. तो असावा, असे आमचे मत आहे. ३० दिवस म्हणजे ऊस वाहणाऱ्याचा हंगामाचा केवढा तरी भाग!

यात आपलेही काही चुकते. पहिली सर्व्हिस चुकवायची, ट्रॉलीत बेसुमार ऊस भरायचा, वॉरंटी चालू असताना गावच्या मिस्त्रीकडून पंप खोलून घ्यायचा आणि मग कंपनीच्या नावाने बोटे मोडायची, हे बरे नव्हे. कंपनी हेच पुढे करते आणि आपला खरा दावाही बुडतो. आणखी एक. राग आला म्हणून बँकेचे हप्ते थांबवू नका. वाहनाचा दोष आणि बँकेचे कर्ज ही दोन वेगळी खाती आहेत. हप्ता थकला की वाहनही जाते आणि पतही जाते. खरेदीआधी थोडी चौकशी करावी. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेऊन अहवाल प्रसिद्ध करते. रंग आणि जाहिरात बघण्यापेक्षा तो अहवाल कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा.

आता आमच्या कचेरीची चूक सांगतो. एका हंगामात अंजनगावकडच्या एका सभासदाचा नवा कोरा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह फडातच बसला. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा, असे आम्हीच सगळ्यांना बजावतो. तो ऊस तीन दिवस वाळला. वजन घटले, टोळी बसून राहिली, उचलीचे व्याज चालू राहिले. ट्रॅक्टर अकरा दिवस वर्कशॉपमध्ये होता. आणि आमच्या वहीत काय नोंद? 'वाहन गैरहजर'. पुढे करारातली कपातही झाली. तो सभासद म्हणाला, "साहेब, मी गैरहजर नव्हतो, मी रोज त्या वर्कशॉपच्या ओट्यावर बसून होतो." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपली गाडी मूर्तिजापूरला बंद पडलेली असूनही आम्हाला हे आधी सुचले नाही, याची खंत वाटते.

म्हणून आमची सूचना आहे, आणि ती येत्या वार्षिक सभेत मांडावी अशी संचालक मंडळाला विनंती आहे. प्रत्येक गट कचेरीत नव्या वाहनांची एक नोंदवही ठेवावी. वाहन कोणते, कधी घेतले, कितव्यांदा काय बिघडले, किती दिवस उभे राहिले, हे तीत लिहावे आणि जॉबकार्डाची नक्कल जोडावी. सभासद वाहनाचा ताबा घ्यायला जाईल तेव्हा कारखान्याच्या वर्कशॉपमधला एक फिटर त्याच्याबरोबर द्यावा. आणि ज्याच्यापाशी जॉबकार्ड आहे, त्याचे वाहन 'गैरहजर' न धरता 'दुरुस्तीत' धरावे आणि कपात करू नये.

नोंदवहीचा दुसराही उपयोग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि एप्रिल २०२१ पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार, धोकादायक दोष असलेली वाहने कंपनीने परत बोलवावीत असा हुकूम सरकार देऊ शकते. त्यासाठी किती मालकांनी तोच दोष कळवला, हे मोजले जाते. म्हणजे एकट्याची तक्रार हरवते, पण पन्नास जणांची तक्रार मोजावी लागते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली ती याच विचाराने. आणि आपण सहकारातली माणसे. एकट्याच्या उसाला भाव मिळत नव्हता, म्हणूनच तर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. वाहनाच्या गाऱ्हाण्यालाही तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

आमच्या म्हातारीला आता गाडीत बसवायचे म्हटले की ती आधी विचारते, "कागद घेतला का रे बापू?" तिला गिअर कळत नाही, पण गोष्ट बरोबर कळली आहे. या हंगामात जो सभासद नवे वाहन घेईल, त्याने वाहनाच्या कप्प्यात देवाच्या फोटोशेजारी जॉबकार्डांची एक फाईल ठेवावी. काही अडले तर गट कचेरीत या. आम्ही तेथे आहोत.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी