बाटलीबंद पाण्यात २.४ लाख प्लॅस्टिक कण, पण मोजले कसे?

एक लिटर बाटलीबंद पाण्यात सरासरी २ लाख ४० हजार प्लॅस्टिक कण! जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचं संशोधन आलं आणि हा आकडा जगभर फिरला. २०१८ च्या एका अभ्यासात मात्र लिटरमागे सरासरी ३२५ कणच सापडले होते. मग सहा वर्षांत पाणी इतकं बिघडलं का? तसं नाही. मुख्य फरक पडला तो मोजण्याच्या पद्धतीत.

अडचण काय होती?

माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. नव्या अभ्यासातले ९० टक्के कण १ मायक्रोमीटरपेक्षाही लहान, म्हणजे नॅनोप्लॅस्टिक होते. एवढा बारीक कण नुसता दिसून भागत नाही. तो प्लॅस्टिकचा आहे की दुसऱ्या कशाचा, हेही कळावं लागतं. जुनी पद्धत इथेच अडायची.

कंपनावरून ओळख

रेणूमधले अणू सतत थरथरत असतात आणि प्रत्येक पदार्थाची थरथर वेगळी असते. रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात त्यामुळे किंचित बदल होतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये भारतातच शोधलं. पण हा सिग्नल फारच क्षीण असतो.

म्हणून ‘स्टिम्युलेटेड रामन स्कॅटरिंग’ तंत्रात दोन लेझर एकाच बिंदूवर सोडतात. दोघांच्या वारंवारतेतला फरक रेणूच्या कंपनाशी जुळला, की सिग्नल कैक पटींनी वाढतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो ना, तसंच. मग सॉफ्टवेअर ते प्लॅस्टिक कोणतं हे ओळखतं. कोलंबियाच्या संशोधकांना नायलॉन सापडलं, तसंच बाटल्या ज्यापासून बनतात ते पीईटीही सापडलं.

फॉरवर्ड करण्याआधी

तपासलेले ब्रँड फक्त तीन होते आणि तेही अमेरिकेत विकले जाणारे. त्यामुळे हा आकडा आपल्याकडच्या बाटलीला जसाच्या तसा लावता येत नाही. शोध सातच प्रकारच्या प्लॅस्टिकचा घेतला होता, आणि दिसलेल्या नॅनोकणांपैकी सुमारे १० टक्केच त्यांत बसले. बाकीचे काय आहेत, हे ठरलेलं नाही. शिवाय कण किती आहेत हे कळलं, म्हणजे त्यांनी शरीराला किती अपाय होतो हे कळलं असं नाही. तो प्रश्न अजून खुला आहे. फक्त आता तो तपासायला लागणारं साधन हाताशी आलंय.