दम्याच्या इंजेक्शनवरचा जीएसटी शून्य : स्टेरॉइडच्या गोळ्या सुटतील का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ औषधांवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला. तीव्र दम्यावरचे मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन त्या यादीत आहे. वसई-विरारमध्ये वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णाला साहजिकच वाटेल, आता हे आपल्याला परवडेल का? पण त्याआधी विचारायला हवे, ते आपल्याला लागू पडेल का?

किंमत किती उतरते?
करासह ११२ रुपयांची वस्तू १०० रुपयांना मिळते, म्हणजे सुमारे ११ टक्के कपात. इंजेक्शन दर ४ आठवड्यांनी, दीर्घकाळ घ्यावे लागते. त्यामुळे खर्च अजूनही मोठाच आहे.

फायदा कोणाला?
ज्यांच्या दम्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, त्यांना. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १३५ रुग्णांपैकी मेपोलिझुमॅब घेणाऱ्यांचा स्टेरॉइडचा डोस मध्यमानाने ५० टक्के कमी झाला. दुसऱ्या गटात तो कमी झाला नाही. बेनरालिझुमॅब आणि डुपिलुमॅब यांनीही गोळ्या कमी होतात. पूर्वी यासाठी मेथोट्रेक्सेट वापरत. पण फायदा थोडा आणि यकृताला धोका, म्हणून ते मागे पडले.

आधी काय तपासावे?
• पंप रोज आणि बरोबर घेतला जातो का, हे डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. अनेकांचा दमा एवढ्यानेही आटोक्यात येतो.
• इओसिनोफिल साध्या सीबीसी तपासणीत कळतात. स्टेरॉइडमुळे ते कमी दिसतात, म्हणून जुने रिपोर्टही दाखवा. जंतांमुळे ते वाढू शकतात.
• अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी करा. ती निघाली तर उपचाराची दिशा बदलते; बुरशीविरोधी गोळ्या लागू शकतात.

या तपासण्यांसाठी मुंबई गाठण्याची घाई नको. छातीविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या जवळपासही होऊ शकतात.

विमा आणि प्रवास
विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांमध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शनचा आधुनिक उपचारांत समावेश आहे. तुमच्या पॉलिसीत त्याला किती मर्यादा आहे, डे-केअरमध्ये चालते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. औषध २ ते ८ अंश तापमानात राहायला हवे. मुंबईहून लोकलने आणणार असाल तर थंड पेटीतच आणा. मात्र ते गोठू देऊ नका.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका
दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते. अचानक थांबवल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. इंजेक्शन सुरू झाल्यावरही डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात, आणि पंप चालूच राहतो. बोलताना धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा पंपाने आराम पडला नाही, तर थेट रुग्णालय गाठा.