अनिवार्य बाल शिक्षा

संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले तत्सम शब्द भारतातल्या बहुतेक भाषांत आहेत. ते सगळीकडे एकच अर्थ सांगतात, असा समज सरकारी आणि जाहिरातींच्या अनुवादात घट्ट बसला आहे. त्यातून हिंदी आणि मराठीची लिपीही एकच. त्यामुळे प्रत्यय बदलले की मराठी मजकूर तयार, असा हिशेब असतो. तो तपासायला २००९चा एक कायदा पुरेसा आहे. त्याचे हिंदी नाव 'निःशुल्क और अनिवार्य बाल शिक्षा का अधिकार अधिनियम'. मराठी डोळ्यांनी वाचले तर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट आणि सक्तीने शिक्षा मिळण्याची ती हमी ठरते. गृहपाठाचा ढीग पाहिलेल्या पालकांना हे वाचन अगदीच चुकीचे वाटणार नाही.

'शिक्ष्' हे 'शक्' या धातूचे इच्छार्थक रूप. समर्थ होण्याची इच्छा धरणे, म्हणजेच शिकणे. सहा वेदांगांपैकी 'शिक्षा' हे उच्चाराचे शास्त्र आहे, त्यात छडीचा संबंध नाही. मराठीने शिकण्या-शिकवण्याचा भाग 'शिक्षण' आणि 'शिक्षक' यांच्याकडे दिला आणि 'शिक्षा' दंडासाठी राखून ठेवली. हा प्रवास विचित्र नाही. 'चांगला धडा शिकवला' असे मराठी माणूस म्हणतो आणि 'सबक सिखाया' असे हिंदी माणूस, तेव्हा दोघांच्याही मनात शाळा नसते. हिंदीत ही कल्पना वाक्प्रचारातच थांबली, मराठीत ती मूळ शब्दाच्या अर्थावरच जाऊन बसली. कन्नडमध्ये 'शिक्षे', तेलुगू आणि मल्याळममध्ये 'शिक्ष' यांचाही रूढ अर्थ दंड हाच.

तत्सम शब्दांच्या बाबतीत मराठीचे शेजारपण असे वारंवार दक्षिणेकडे निघते. 'चेष्टा' म्हणजे मुळात हालचाल. हिंदी आणि बंगालीत तिचा प्रयत्न झाला, मराठीत थट्टा आणि कन्नडमध्ये खोडी. 'अभिमान' हिंदीत बहुधा गर्वाकडे झुकतो, पण मराठीत तो बाळगावा अशी अपेक्षा असते. तेलुगूत त्यात जिव्हाळा आला, आणि कन्नड-तेलुगूत नटाचा चाहता म्हणजे त्याचा 'अभिमानी'. मराठीचे जमते ते मात्र फक्त दक्षिणेशीच नाही. 'राग' म्हणजे रंग, रंगणे, आसक्ती. हिंदीत तो गाण्यात आणि 'राग-द्वेष' या जोडीत राहिला. रागावणारे निघाले ते मराठी आणि बंगाली.

सर्वांत लांब फिरला तो 'संसार'. 'सम्' आणि 'सृ' मिळून सतत सरकत राहणे, त्यावरून जन्ममरणाचा फेरा. हिंदीने त्यातून सगळे जग घेतले. मराठीने मात्र दोन खोल्या, चार भांडी आणि महिनाअखेरची ओढाताण एवढाच भाग घेतला, आणि तोच जन्ममरणाचा फेरा आहे असे मानणारेही मराठीत कमी नाहीत. कन्नडमध्ये संसार म्हणजे कुटुंब, बोलण्यात बायकोसुद्धा. याला हसण्याचे मराठीला कारण नाही, कारण मागच्या पिढ्यांतले गृहस्थ 'आमचे कुटुंब' म्हणत तेव्हा त्यांनाही एकच व्यक्ती अभिप्रेत असे. १९८६चा गाजलेला तमिळ चित्रपट 'संसारम् अदु मिन्सारम्' नावातच सांगतो की संसार म्हणजे वीज आहे. धक्का बसतो, हे अध्याहृत. मल्याळममध्ये मात्र 'संसारम्' म्हणजे बोलणे, संभाषण. नवराबायकोने संसार थांबवला असे मल्याळममध्ये म्हटले तर त्यांनी फक्त अबोला धरलेला असतो. घटस्फोटापर्यंत गोष्ट गेलेली नसते.

वाङ्मयातही अशीच गल्लत आहे. 'उपन्यास' म्हणजे जवळ ठेवणे, मांडणे, प्रस्ताव. कन्नड आणि तेलुगूत तो व्याख्यान झाला आणि मुळाजवळ राहिला. बंगालीने आणि पुढे हिंदीने इंग्रजी धर्तीच्या लांबलचक कथेला तेच नाव दिले. मराठी आणि कन्नडने सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे नाव, 'कादंबरी', सगळ्या प्रकारालाच लावून टाकले. बाणाच्या समासांची लांबी पाहता निवड अगदीच अयोग्य नाही.

शासनव्यवहारात मात्र गल्लत महाग पडते. हिंदीतला 'सूचना का अधिकार' मराठीत 'माहितीचा अधिकार' आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या २००५च्या कायद्याआधी, २००२ मध्ये, स्वतःचा कायदा केला तोही माहितीच्याच नावाने. मराठीत सूचना देण्याचा अधिकार वरिष्ठांना असतो आणि त्यासाठी कायदा लागत नाही. हिंदीतले 'संविधान संशोधन' ही मराठीत 'घटनादुरुस्ती'. मराठीतले 'संशोधन' हिंदीत 'शोध' किंवा 'अनुसंधान', आणि मराठीतला 'शोध' हिंदीत 'खोज'. 'आपत्ती व्यवस्थापन' मराठीत पूर-भूकंपांसाठी आहे. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे हरकत, म्हणून तिकडे 'आपदा प्रबंधन'. हरकतींचे व्यवस्थापन करणारा कक्षही अनेक कार्यालयांना उपयोगी पडला असता, ही गोष्ट वेगळी. 'यंत्रणा' या शब्दाची मौज तर याहून मोठी. संस्कृतात ते जखडणे आणि त्यातून येणारी पीडा. हिंदी-बंगालीने पीडा ठेवली, मराठीने बांधणी घेतली. 'सरकारी यंत्रणा कामाला लागली' हे मराठी वाक्य बंगाली माणसाला सरकारी छळ सुरू झाल्यासारखे वाटेल. येथे दोन्ही भाषांचे म्हणणे खरे असू शकते.

हसण्यावारी नेता येत नाही तो शब्द 'अपघात'. मराठीत आणि कन्नडमध्ये तो दुर्घटनेचा. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्मघात, आत्महत्या. गाड्यांची टक्कर झाली तर गुजराती तिला 'अकस्मात' म्हणते, आणि मराठीत 'अकस्मात' हे नुसते क्रियाविशेषण आहे. मुंबई-सुरतेच्या पट्ट्यात एका भाषेतली बातमी दुसरीत नेताना एका कान्याचे भान सुटले, तर गाडीखाली सापडलेल्या माणसाने जीव दिला असे छापून यायचे.

संस्कृत शब्दाला मुळातच चार-पाच अर्थ असत. प्रत्येक भाषेने आपल्या गरजेपुरता एखादा उचलला आणि उरलेले सोडून दिले. यात कोणतीच भाषा चुकली नाही. चूक होते ती कोश न उघडता प्रत्यय बदलणाऱ्याची. हिंदी परिपत्रकांचे मराठी करणाऱ्यांनी निदान शिक्षा, सूचना, संशोधन, आपत्ती आणि यंत्रणा हे पाच शब्द कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावेत.