प्रसूतिरजेचा भार कोणाच्या शिरावर?

स्त्रियांना व तरुणांना अधिक रोजगार मिळावा म्हणून श्रमविषयक कायदे सुधारावेत, असे सर्वच पक्ष म्हणतात. सुधारणेचा खर्च कोणी सोसावा, असे विचारले की मात्र बहुतेकांची वाचा बसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला १९२८ सालीच हात घातला होता. २८ जुलै रोजी मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा देताना, लोककल्याण हे प्रामुख्याने सरकारचे कर्तव्य असल्याने हा भार बव्हंशी सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. १९२९ च्या कायद्याने भार टाकला तो मालकावरच.

भारतात २०१७ साली प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. राज्य विमा योजनेबाहेरील स्त्रीचे या काळातील वेतन आजही मालकच देतो. मग नवविवाहित मुलगी मुलाखतीस आली की लहान कारखानदार मनातल्या मनात हिशेब मांडतो, आणि जागा तिच्याहून कमी शिकलेल्या मुलास मिळते. कायद्याच्या औदार्याची किंमत अशी तिनेच मोजायची!

ऑस्ट्रेलियाही काही जन्मजात उदार नव्हे. येथे १९६६ पर्यंत लग्न होताच केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीस कायम पद सोडावे लागे. सरकारी तिजोरीतून पालकरजेचे वेतन सुरू झाले ते १ जानेवारी २०११ रोजी, १८ आठवड्यांचे व राष्ट्रीय किमान वेतनाच्या दराने. कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासूनची मुदत २६ आठवड्यांची. आकडा भारतातलाच, तिजोरी मात्र निराळी. शिवाय प्रसूतीपूर्वीच्या १३ महिन्यांपैकी १० महिने, एकूण ३३० तास काम केलेले असले की पुरते. त्यामुळे दुकानात तात्पुरत्या तत्त्वावर राबणारी तरुण मुलगीही पात्र ठरू शकते.

उणीव आहे ती आपल्याच उंबरठ्यावर. कायम वास्तव्याचा परवाना नव्याने मिळालेल्या अनेक मातांना या लाभासाठी प्रतीक्षाकाळ काढावा लागतो. कर मात्र पहिल्या पगारापासून कापला जातो. मंडळाच्या सभांत परवान्यांवर तासन् तास चर्चा झडते. प्रसूतीचा विषय तेवढा भगिनींनी स्वयंपाकघरात बोलावा, अशी आपली समजूत! हा प्रतीक्षाकाळ रद्द व्हावा, यासाठी प्रत्येक शाखेने आपापल्या खासदारास निवेदन द्यावे, आणि त्याचा मसुदा भगिनींनी करावा.