छायाचित्रांतील उजेड व रंग

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या सुमारास एका विद्यार्थ्यानें आपल्या वर्गाचें छायाचित्र घेतलें, संगणकावर त्यावर संस्कार केले आणि मोठ्या उमेदीनें तें मजपुढें आणून ठेविलें. चित्र स्वच्छ होतें. परंतु चाळीसच्या चाळीस मुलांचे चेहरे एकाच गोऱ्या वर्णाचे झाले होते. जी सावळी मुलगी चार वर्षें माझ्या तासास पहिल्या बांकावर बसत आली, ती मला त्या चित्रांत शोधावी लागली. मीं कारण विचारलें. "सर, कॅमेऱ्यांत सर्वांचीं तोंडें काळीं आलीं होतीं, मीं तीं फक्त नीट केलीं," असें तो म्हणाला.

त्याचें म्हणणें अर्धें खरें होतें. आणि छायाचित्रण शिकूं इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें त्या अर्ध्याचा विचार आधीं करावा असें मला वाटतें. कॅमेऱ्यांतील प्रकाश मोजण्याचें साधन समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या छटेचें आहे असें धरून चालतें. मागें चुन्याची भिंत आणि अंगांत पांढरे सदरे. तेव्हां उजेड फार झाला असें समजून त्यानें तो कमी केला. भिंत मळकट झाली व चेहरे काळवंडले. मोबाईलमधील नवे कॅमेरे चेहरा ओळखून पुष्कळ सांवरून घेतात. ह्या मुलाच्या हातीं जुना कॅमेरा होता. उपाय सोपा होता. प्रकाशाची मात्रा हातानें एक पायरी वाढविली कीं उजेड दुप्पट होतो. अथवा मुलांना भिंतीपासून हलवून झाडाच्या सावलींत उभें केलें असतें तरी भागलें असतें. बटण दाबण्यापूर्वीं अर्धा मिनिट विचार, एवढाच काय तो खर्च.

मागाहून संगणकावर उजेड वाढवितां येतो, नाहीं असें नाहीं. पण त्यास मर्यादा आहेत. नेहमींच्या जेपेग चित्रांत तांबडा, हिरवा व निळा ह्या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. जो भाग काळोखांत बुडाला त्याच्या वाट्यास त्यांतील थोड्याच येतात; तो ओढून वर आणला म्हणजे त्यांत रवाळ ठिपके दिसूं लागतात. रॉ प्रकारच्या चित्रांत ह्या पायऱ्या हजारोंनीं असल्यामुळें तेथें सवड अधिक. शिवाय जेपेग चित्र पुनःपुन्हां बदलून सांठविलें तर दर वेळीं त्यांतील कांहीं तपशील गळतो. म्हणून मूळ चित्रास हात न लावतां प्रतीवरच काम करावें.

हें काम मुलांनीं शिकूंच नये, असें आमच्या कांहीं स्नेह्यांचें मत पडलें. तें मला मान्य नाहीं. चित्रावर हात फिरविण्याची विद्या १९९० सालीं फोटोशॉप बाजारांत आलें तेव्हां जन्मलेली नव्हे. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच निघाली, आणि त्या शतकांतले कारागीरही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसून टाकीत. अंधाऱ्या खोलींत कागदावर चित्र उमटवितांना तोंडाच्या जागीं क्षणभर सावली धरीत, म्हणजे तेवढा भाग उजळ येई. आज जिंपसारखें साधन फुकट मिळतें व गरिबाच्या मुलासही तें काम करितां येतें, ही गोष्ट मी चांगलीच समजतों.

मात्र एक कसोटी लावावी. उजेड वाढविला म्हणजे सावळा मुलगा सावळाच राहतो व गोरा गोराच. दोघांमधील अंतर मोडत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रांत नेमकें तेंच मोडलें होतें. त्यानें उजेड दिला नव्हता, वर्ण बदलला होता. आणि तोही कोणास न विचारतां. दोष त्याच्या एकट्याच्या माथीं मारवत नाहीं. चेहरा खुलविण्याची म्हणून जी सोय कित्येक मोबाईलमध्यें असते, ती कातडी उजळ करून देते. त्याआधीं, विसाव्या शतकांत, कोडॅक कंपनी रंगीत छपाईची जुळणी करण्यासाठीं जें नमुनाचित्र पुरवी त्यांत वर्षानुवर्षें गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. आणि विवाहाच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द कोण घालतो? आपणच. मुलें तें वाचतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें वर्ग कडुनिंबाखालीं उभा करून पुन्हां चित्र घेतलें. संगणकावर एक कडा छाटली व किंचित् उजेड वाढविला. अधिक कांहीं नाहीं. त्यांत ज्याचा त्याचा चेहरा ज्याचा त्याला मिळाला होता. मीं दोन्हीं चित्रें फळ्याजवळ लाविलीं आणि ज्यास जी प्रत हवी असेल त्यानें ती सांगावी, असें म्हटलें. बहुतेकांनीं दुसरी मागितली. ती पहिल्या बांकावरील मुलगी मात्र तास संपल्यावर एकटीच आली व पहिली मागूं लागली. "घरीं दाखवायची आहे, सर." मीं पुष्कळ बोलावयाचें मनांत आणिलें होतें, पण चेहरा तिचा होता. प्रत दिली. ह्या अंकांत दुसरें चित्र छापलें आहे.